मुरलीच्या घरातली भाषा

मी एका घराची भाषा बंद केली. जे मूल आधीच उशिरा बोलणार होतं, त्याच्याशी त्याच्या आत्याने आपल्या भाषेत बोलायचं नाही, असं मी सांगितलं — आणि ते चुकीचं होतं. इतकं मी चारचौघांतही म्हणून दाखवतो. ऐकणारे लगेच माझी बाजू घेतात. तेव्हा सगळेच तसं सांगायचे, तुमचा हेतू वाईट नव्हता, वगैरे. तुम्हीही घ्याल. म्हणून आधीच सांगतो, थांबा. त्या एका वाक्याच्या मागे जे आहे ते मी, ज्यांच्याशी तसा वागलो त्यांच्याखेरीज, कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

मी तंजावूरचा. लहान मुलांच्या एका केंद्रात विशेष शिक्षक आहे. ज्या मुलांना बसायला, चालायला, बोलायला उशीर लागतो, ऐकू येत नाही किंवा नीट दिसत नाही, अशी शाळेआधीच्या वयाची मुलं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्या घरीही जातो. जमिनीवर बसतो, मुलाबरोबर खेळतो, आईला दाखवतो — असं धरा, असं थांबा, त्याने बघितलं की मगच द्या. काम चांगलं आहे. त्या कामाबद्दल मला लाज नाही, आणि या लिहिण्यातून कुणी तसा अर्थ काढू नये. लाज माझी आहे, कामाची नाही.

आणखी एक सांगायला हवं. मी मराठी आहे. आजोबा शिंपी, वडील शिंपी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शाळेत पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करायची आणि कधीतरी मी ठरवून टाकलं — आपण तमिळ. माझं नाव तमिळच आहे. चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं. देवनागरी येते ती हिंदीच्या परीक्षांमुळे, आणि ही तुमच्याकडची लिहायची मराठी आली ती पुढे मागवलेल्या पुस्तकांतून — ती पुस्तकं मी घरी येणाऱ्यांना दिसणार नाहीत अशी ठेवायचो. हे कारण म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरांची तशीच नक्कल झाली, ती आज भर बाजारात मराठीत भांडतात. मग मीच का लपलो? भित्रा होतो म्हणून. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

तंजावरची मराठी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसांचा चेहरा उजळतो, हे मी पाहिलं आहे. राजे, राजवाडा, जुनी जपलेली भाषा. तसलं काही इथे शोधू नका. आणि भाषा वाचवा म्हणून भाषण करायला ही हकीकत वापरू नका. भाषेचं काय व्हायचं ते होईल. मी एका मुलाबद्दल आणि एका बाईबद्दल सांगतो आहे.

मुलाचं नाव मुरली. डाउन सिंड्रोम. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा तो तिसऱ्या वर्षात होता — नुकता चालू लागलेला, जीभ जराशी बाहेर, आणि समोरच्याच्या नाकाला हात लावायची सवय. घर रायरांचं, इथे मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. वडील सरकारी कचेरीत, आई विजया बँकेत. दोघं सकाळी गेले की दिवसभर मुरली आत्याजवळ. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पद्मा. नवरा गेल्यापासून भावाकडे राहणारी, उंच, सडसडीत, आणि जिभेला फार धार असलेली बाई.

त्यांनी मला तमिळ समजून तमिळमध्ये बसायला सांगितलं. मी बसलो. कॉफी आली. पद्माबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भावजयीला मराठीत म्हणाल्या, "शर्ट पाहिलास? शिंप्याने सूड घेतला वाटतें." विजया हसू दाबत आत गेली.

तो शर्ट माझ्या वडिलांनी शिवलेला होता. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर शिवलेला, शेवटच्या काहींपैकी.

त्याच क्षणी मराठीत एक वाक्य बोललो असतो तर? सगळे ओशाळले असते, हसले असते, पद्माबाईंनी मला दुसरी कॉफी दिली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मी बोललो नाही. आणि असल्या गोष्टीत पहिली वेळ गेली की दुसरी येत नाही. पुढच्या आठवड्यात कसं सांगणार — की गेल्या वेळी मला समजलं होतं? मग मी दर आठवड्याला, विजयाच्या सुट्टीच्या दिवशी, त्या घरात तमिळ माणूस होऊन बसू लागलो. त्या दोघी माझ्यादेखत माझ्याबद्दल, घराबद्दल, मुलाच्या काळजीबद्दल मोकळेपणाने बोलायच्या, आणि मी मख्ख चेहऱ्याने लाकडी चकत्या एकावर एक रचत असायचो.

पद्माबाई मुरलीशी कशा बोलायच्या ते मी ऐकलं आहे. त्यांचं तमिळ उत्तम होतं. भाजीवालीशी घासाघीस करावी तर त्यांनीच. पण मुरलीला भरवताना, न्हाऊ घालताना, झोपवताना जे यायचं ते मराठीत. दहीभाताचा एकेक घास एकेका नातेवाइकाचा, आणि प्रत्येक नातेवाइकाची टिंगल. हा घास कुंभकोणमच्या काकाचा, तो वाटेत झोपला. हा तुझ्या बापाचा, तो कचेरीत झोपला. मुरलीला त्यातलं काय कळायचं कोण जाणे, पण 'झोपला' म्हटलं की तो मान टाकून डोळे मिटायचा आणि मग एका डोळ्याने बघायचा — हसतात की नाही. आम्ही हे शिकवायला महिने घालवतो. वाट पाहणं, आपली पाळी ओळखणं, समोरच्याकडे बघणं. ते तिथे रोज जेवताना चाललेलं होतं.

आणि मी काय केलं? विजयाला समोर बसवून सांगितलं, की या मुलाला दोन भाषांचा भार पेलणार नाही. घरात एकच भाषा ठेवा. शाळा तमिळ असणार, तेव्हा तमिळच. सगळ्यांनी. आत्यांनी तर नक्कीच.

मी खोटं सांगत नव्हतो. मला पदविका करताना तसंच शिकवलं होतं, आणि मी ते पक्कं धरलं होतं. इथपर्यंत चूक. चूक कुणाचीही होते.

विजयाने ते आज्ञेसारखं पाळलं. ती फार घाबरलेली आई होती. घाबरलेल्या आईला नियम दिला की ती त्याला धरून उभी राहते, हे आम्हां लोकांना चांगलं ठाऊक असतं, आणि आम्ही त्याचा फायदा घेतो. पद्माबाईंनी तमिळमध्ये भरवायचा प्रयत्न केला. मी पाहिला तो. "साप्पिडु, कण्णा, साप्पिडु" — जेव, बाळा, जेव. तेवढंच. काकाही आला नाही, बापही नाही. ज्या भाषेत त्यांनी जन्मभर माणसांची टिंगल केली नव्हती त्या भाषेत त्या अचानक कशी करणार? हळूहळू त्या मुरलीला मुकाट्याने भरवू लागल्या. मुरली काही दिवस घास तोंडात घेऊन मान टाकायचा आणि एका डोळ्याने बघायचा. मग तेही थांबलं.

वर्ष-दोन वर्षांनी मुरली तमिळमध्ये थोडे शब्द बोलू लागला. तो बोलणारच होता. उशिरा, अडखळत, पण बोलणारच होता. श्रेय मला मिळालं. पालकांच्या मेळाव्यात विजयाने उभं राहून सांगितलं, की सरांनी एक भाषा ठेवायला सांगितली आणि माझा मुलगा बोलला. टाळ्या. मला शाल. बाकीच्या आयांनी मान डोलावली आणि घरी जाऊन कुणी आपली तेलुगू बंद केली, कुणी सौराष्ट्री, कुणी उर्दू.

पुढे आम्हांला त्रिचीला एका प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या, कुणाला घाबरवायच्या नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत असं सांगून घरातली भाषा बंद करायला लावणारे इथे कोण कोण आहेत? हसत हसत बरेच हात वर गेले. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, आम्हीही करायचो. आता परत जा आणि त्या घरांना सांगा की ते चुकीचं होतं. दोन भाषांनी मूल बिघडत नाही. त्याच्याशी बोलणारं माणूस गप्प झालं, तर मात्र त्याचं नुकसान होतं.

मी हात वर केला नव्हता. शेजारच्या तरुण मुलीने केला होता. ती नंतर खरंच घरोघर जाऊन आली म्हणे. मला शाल मिळाली होती, तिला नव्हती — यापलीकडे आमच्यात काय फरक होता?

आता ऐका. मी तंजावूरला परतलो आणि थोड्याच दिवसांत पद्माबाई मुरलीला घेऊन केंद्रावर आल्या. विजयाही होती. मी दारात उभा होतो. पद्माबाई जवळ आल्या आणि फार अदबीने, जपून निवडलेल्या तमिळमध्ये त्यांनी विचारलं, की सार, आता तो चांगला बोलतो. मी त्याच्याशी आमच्या भाषेत बोललं तर चालेल का? दिवसभर नाही. जेवतानाच फक्त.

मला उत्तर माहीत होतं. नुकतंच शिकून आलो होतो. तोंडातून फक्त 'हो' काढायचं होतं.

मी म्हणालो, "आत्ता नको. सगळं विस्कटेल."

का? हो म्हटलं असतं तर विजयाने विचारलं असतं, मग इतके दिवस का नको होतं? मग ती शाल, त्या टाळ्या, त्या बाकीच्या आया. माझं नाव. तेवढ्यासाठी. कुणी म्हणेल, त्या क्षणी गोंधळलो असेन. नाही. मी गोंधळलो नव्हतो. मी विचार केला, हिशेब जुळवला आणि नाही म्हणालो. ही चूक नव्हे. हे खोटं बोलणं होतं, आणि दुबळ्या मुलाच्या आडून बोललेलं.

पद्माबाईंनी मान हलवली. माझ्यासमोरच वळून भावजयीला मराठीत म्हणाल्या, "विचारून पाहिलें. नाही म्हणतो. मेला, ह्याच्या घरी कोणी बोलत नसेल त्याच्याशी." माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यात मी तोवर पटाईत झालो होतो.

वर मी एक गोष्ट गाळली. लिहिता लिहिता गाळली, आणि आता पुढे जायला लागलो तर हात अडतो आहे.

ती अगदी सुरुवातीची, ती भाषा बंद करण्याच्याही आधीची आहे. मी मुरलीच्या हातात लाकडी चकती देत होतो. पुन्हा पुन्हा. त्याला कंटाळा आला होता. त्याने चकती ढकलली, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, "नको."

स्पष्ट नव्हतं, जीभ मध्ये येत होती. पण शब्द होता. योग्य वेळी, योग्य माणसाला, योग्य अर्थाने. पद्माबाई उडाल्याच. त्यांनी मला तमिळमध्ये सांगितलं, सार, नको म्हणाला तो, आमच्यात 'वेंडाम'ला नको म्हणतात!

मुलाचा पहिला शब्द ऐकण्यासाठी आमच्या धंद्यातली माणसं वाट पाहत असतात. तो मला मिळाला होता. माझ्या आईच्या भाषेत मिळाला होता. खोलीतल्या कुणाहीपेक्षा मला तो ताबडतोब कळला. आणि मी हसून म्हणालो, की अम्मा, तो नुसता आवाज आहे, तुम्हांला तसं वाटतंय. मग विजयाला सांगितलं, अजून एकही शब्द नाही.

त्या वेळी मला कुणी चुकीचं शिकवलेलं आडवं येत नव्हतं. कुठल्या पदविकेत सांगितलं होतं, की ऐकलेलं ऐकलं नाही म्हण? हो म्हणालो असतो तर मला ही भाषा कशी कळते ते सांगावं लागलं असतं. त्या शर्टापर्यंत मागे जावं लागलं असतं. मी त्यापेक्षा मुलाला मुका ठरवलं. पुढे एकच भाषा ठेवा असं मी सांगितलं, ते 'अजून एकही शब्द नाही' याच पायावर.

इतकी वर्षं हे घेऊन मी कामावर जातच होतो. झोपही लागत होती. पापाने माणूस पोखरला जातो वगैरे लिहितात, तसं काही झालं नाही. मी चांगला शिक्षक म्हणून ओळखला गेलो. मुरली शाळेत जाऊ लागला. पद्माबाई धाकट्या भावाकडे ओरत्तनाडूला राहायला गेल्या. त्या माझ्यामुळे गेल्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणून स्वतःला मोठा खलनायक करून घेणं हीसुद्धा एक चैन आहे. विजया एवढंच म्हणाली होती, की वन्सं हल्ली घरात फार बोलत नव्हत्या.

मग मागच्या वर्षी पापनाशमहून एक आई आली. लहान मूल मांडीवर, त्याला ऐकू कमी येत होतं, नुकतंच यंत्र बसवलेलं. मी खोलीत शिरलो तेव्हा ती त्याच्या कानाशी तेलुगूत काहीतरी म्हणत होती. मला पाहताच तिने तोंडावर हात ठेवला. चोरी करताना सापडावं तसा. आणि माफी मागितली. ती मला पहिल्यांदाच भेटत होती. तिच्या शेजारणीने तिला माझा नियम आधीच सांगून ठेवला होता.

मी तिला म्हणालो, बोला, तेलुगूतच बोला, खूप बोला. तिने विश्वास ठेवला नाही. बराच वेळ ठेवला नाही. तिला वाटलं मी परीक्षा घेतो आहे.

त्या आठवड्यात मी बाकीच्या घरांना सांगायला सुरुवात केली. ज्यांनी भाषा बंद केल्या होत्या त्या सगळ्यांना, जी सापडली त्यांना. काही रागावले, काहींना आता फरक पडत नव्हता. केंद्रातला एक सहकारी म्हणाला, जुनं कशाला उकरता, केंद्राचं नाव जाईल. मी म्हणालो, जाऊ दे. माझं नाव जपायला काय काय केलं ते मला ठाऊक होतं. केंद्राचं जपायला आणखी काही करायची माझी तयारी नव्हती. मला अजूनही तसंच वाटतं.

विजयाला सांगितलं ते तिच्या घरी, आणि मराठीत. मी तोंड उघडलं तशी ती जागीच बसली. 'नको'पर्यंत आलो तेव्हा ती उठून आत गेली आणि बाहेर आली नाही. तिच्या नवऱ्याने मला दारापर्यंत सोडलं, आणि म्हणाला की ताईला तुम्हीच सांगा, आम्ही सांगणार नाही. आणि पुन्हा इथे येऊ नका. बरोबर बोलला.

दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडूची बस पकडली. पद्माबाई ओसरीवर केळफूल सोलत बसल्या होत्या. बोटं काळी झालेली, समोर एका ताटलीत ताक. त्या थकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. तमिळमध्ये म्हणाल्या, या सार, मुरली बरा आहे ना? मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

"अक्का," मी मराठीत म्हणालो, "मी मराठी आहे. शिंप्यांचा. आमच्या घरची भाषा हीच."

त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मागे मागे जात होत्या हे मला दिसत होतं — एकेका वर्षातून, एकेका कॉफीतून.

"म्हणजे आम्ही बोलत होतों तें सगळें समजत होतें तुम्हांस."

"हो."

"मी मेला म्हटलें, तेंही?"

"तेही."

त्यांनी केळफुलाचं एक पान ओढून काढलं, बाजूला टाकलं. "तें मी मागे घेत नाही," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "इतक्या दुरून येवढेंच सांगायला आलांत? पुढे बोला."

मी बोललो. वाटेत बसमध्ये जुळवलेली वाक्यं होती, ती एकही आली नाहीत. आलं ते असं:

"मुरली नको म्हणाला होता, अक्का. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं, मला कळलं होतं, आणि मी तुम्हांला खोटं पाडलं. नंतर तुम्ही विचारायला आलात, जेवताना बोलू का, तेव्हा बोललं तर चालतं हे मी शिकून आलो होतो. तरी नाही म्हणालो. माझा मान जाईल म्हणून. तुम्हांला आणि त्याला जे बोलायचं होतं ते मी बोलू दिलं नाही. मी तुमचा अपराध केला आहे, आणि त्याचा केला आहे."